सांगितले एक कोटी पाच लाख, मागितले चौऱ्याऐंशी लाख: एका सदनिकेच्या विक्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील कोथरूड भागातल्या एका जुन्या सदनिकेच्या विक्रीचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत, काही तपशील बदलले आहेत आणि रकमा जवळच्या आकड्यावर आणल्या आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. सदनिकेच्या मालकीणबाई, ज्यांना येथे काकू म्हटले आहे, त्या वेळी ७६ वर्षांच्या होत्या. त्यांचे यजमान आणि मी एकाच बँकेत नोकरीला होतो. माझी बरीच वर्षे गृहकर्जाच्या टेबलावर गेली असल्यामुळे घरच्यांनी मला मधे बोलावले. या व्यवहारात माझा आर्थिक संबंध कोणताही नव्हता.

इमारत १९८८ मधली, तळमजला अधिक तीन मजले, एकूण १६ सदनिका, लिफ्ट नाही. काकूंची सदनिका दुसऱ्या मजल्यावर, दोन शयनगृहांची, ७९० चौरस फूट बिल्टअप. यजमानांनी ती १९८९ मध्ये २ लाख ७५ हजारांना घेतली होती. ते २०१९ मध्ये गेले. सोसायटीत नामनिर्देशन काकूंच्या नावे होते आणि भागपत्रही त्यांच्या नावावर झाले. परंतु नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, हे ठाऊक असल्यामुळे मुलगा आणि मुलगी या दोघांनी २०२० मध्येच आईच्या नावे हक्कसोडपत्र करून त्याची रीतसर नोंदणी केली होती. या एका कामामुळे पुढे विक्रीच्या वेळी विकणारी व्यक्ती एकच राहिली आणि कागदपत्रांवरून एकही गिऱ्हाईक परत गेले नाही. अशी उदाहरणे मी फार थोडी पाहिली आहेत.

गुडघ्यांमुळे दोन मजले चढणे अशक्य झाल्यावर काकू २०२३ च्या हिवाळ्यात नाशिकला मुलीकडे राहायला गेल्या. मुलीच्या घरात त्या सुखाने राहत होत्या, पण स्वतःचे दार स्वतःच्या किल्लीने उघडण्याची त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी लपवली नव्हती. मुलीच्या शेजारच्या गल्लीत, लिफ्ट असलेल्या इमारतीत, एका शयनगृहाची सदनिका ४६ लाखांना मिळत होती. पुण्याचे घर विकून ते घ्यायचे आणि उरलेली रक्कम उतारवयासाठी ठेवायची, असे ठरले. मुलगा बंगळूरला नोकरीला. विक्रीची सूत्रे त्याने हाती घेतली.

प्रश्न कसा उभा राहिला

जून २०२४ मध्ये सदनिका विक्रीस काढली आणि किंमत सांगितली १ कोटी ५ लाख. काम तीन दलालांकडे दिले होते. महिनाभराने असे लक्षात आले की एकजण १ कोटी ५ लाख सांगतो आहे, दुसरा १ कोटी २ लाख आणि तिसरा ‘९८ पर्यंत बसवून देतो’ म्हणतो आहे. हल्ली घर शोधणारा माणूस तिन्ही ठिकाणी चौकशी करतोच. एकाच दाराला तीन भाव दिसले की तो चौथा, आणखी खालचा भाव आपल्या मनाने ठरवतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका दांपत्याने ८८ लाख देऊ केले. ‘पहिल्याच गिऱ्हाइकाला हो म्हणायचे नसते’ या समजुतीपोटी मुलाने अकरा दिवस उत्तरच दिले नाही आणि मग १ कोटी २ लाखांना देतो असे कळवले. तोवर त्या दांपत्याने कर्वेनगरात दुसरी सदनिका ठरवली होती. पाठोपाठ २३ जुलैला केंद्रीय अर्थसंकल्प आला. त्यात घरविक्रीवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर २० वरून १२.५ टक्क्यांवर आणला, पण महागाई निर्देशांकाचा लाभ, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याची सोय, काढून घेण्याचा प्रस्ताव होता. मुलाने विक्री थांबवली. ऑगस्टच्या पूर्वार्धात दुरुस्ती झाली आणि २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना दोन्ही पद्धतींपैकी ज्यात कर कमी पडेल ती लागू झाली. तरी या गोंधळात तीन आठवडे गेलेच. पुढे गणपती आले. १८ सप्टेंबरपासून पितृपक्ष लागला आणि त्या पंधरवड्यात घर पाहायला कोणी फिरकले नाही.

रविवार, ६ ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्रात, एक तरुण नोकरदार दांपत्य घर पाहून गेले आणि संध्याकाळी दलालामार्फत निरोप आला: ८४ लाख, कर्ज मंजूर आहे, दसऱ्याला इसार देतो. दसरा १२ तारखेला होता. हातात सहा दिवस होते. सांगितलेल्या किमतीपेक्षा हा आकडा बरोबर २० टक्क्यांनी कमी होता. मुलाने तो अपमानास्पद मानला. मुलीचे म्हणणे, नाशिकचा मालक नोव्हेंबरअखेरपर्यंतच थांबणार आहे, तेव्हा घ्यावे आणि मोकळे व्हावे. काकू दोघांचे ऐकत होत्या. मला फोन आला तो याच टप्प्यावर.

मूळ आकड्याचा शोध

पहिल्या भेटीत मुलगा व्हिडिओ कॉलवर होता आणि ८४ लाख कसे कमी आहेत हे मांडत होता. मधेच काकूंनी विचारले, “पण अरे, एक कोटी पाच लाख हे पहिल्यांदा म्हणालं कोण?” उत्तर शोधताना कळले की सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर चहा घेताना तळमजल्यावरच्या एका सभासदाने ‘बाजूच्या विंगमधला फ्लॅट एक पाचला गेला’ असे सांगितले होते. तेवढाच आधार होता. सर्वांनी तो आकडा मनात धरला आणि त्याच्या खालचा प्रत्येक आकडा त्यांना तोट्याचा वाटू लागला.

राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या दस्तांचा शोध घेता येतो आणि सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती पाहता येते. आम्ही त्याच रात्री शोध घेतला. बाजूच्या विंगमधली ती सदनिका फेब्रुवारी २०२४ मध्ये ९२ लाखांना नोंदली गेली होती. ती तळमजल्यावरची होती आणि तिच्यासोबत बंद गॅरेज होते. मागच्या गल्लीतल्या तशाच वयाच्या, लिफ्ट नसलेल्या दोन इमारतींमधले व्यवहार ८७ लाख आणि ८३.५० लाखांचे निघाले. नोंदवलेला आकडा नेहमीच पूर्ण खरा असतो असे नाही, हे मला मान्य आहे. मुलाने लगेच तीच शंका काढली. तरीसुद्धा चहाच्या कपावरचा आकडा आणि सरकारी दस्तावरचा आकडा यांत मी दुसऱ्याला अधिक मान देतो, कारण त्यावर कोणीतरी मुद्रांक शुल्क भरलेले असते.

गॅरेज नसलेल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेचा वाजवी पट्टा यावरून ८४ ते ८८ लाखांचा दिसत होता. म्हणजे आलेला देकार सांगितलेल्या किमतीहून २० टक्के खाली असला, तरी बाजाराच्या मधल्या आकड्याहून फार तर दोन-अडीच टक्के खाली होता.

दुसरी बाब माझ्या जुन्या टेबलावरची. चार महिन्यांत १९ जण घर पाहून गेले आणि एकानेही एक कोटीच्या जवळचा आकडा काढला नाही, याचे कारण बँकेच्या नियमात आहे. ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांहून अधिक कर्ज देता येत नाही, आणि मूल्य म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेली किंमत नव्हे. बँकेचा मूल्यांकक कमी आकडा देईल तर तोच धरतात. छत्तीस वर्षांच्या, बिनलिफ्टच्या इमारतीतल्या या सदनिकेला मूल्यांकक ८५ लाखांच्या आसपास देईल, असा माझा अंदाज होता. १ कोटी ५ लाखांना घेणाऱ्याला कर्ज मिळणार ६८ लाख. उरलेले ३७ लाख, ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे ७.३५ लाख आणि नोंदणीचे ३० हजार धरून त्याला जवळजवळ ४४ लाख ६५ हजार खिशातून काढावे लागले असते. तोच व्यवहार ८४ लाखांना झाला तर खिशातून जाणार २३ लाख. घर पाहून ‘कळवतो’ म्हणून गेलेल्या माणसांना घर आवडले नव्हते असे नाही. त्यांचे गणित दारातच मोडत होते.

तोललेले पर्याय

८४ लाख जसेच्या तसे घेणे हा पहिला पर्याय. नाकारून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे ३० मार्च २०२५ पर्यंत थांबणे हा दुसरा. मुलाचा कल त्याकडे होता, म्हणून त्याचा हिशेब कागदावर मांडला. ८४ लाख मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ५ लाख ८८ हजार, म्हणजे महिन्याला ४९ हजार. त्यात सोसायटीची मासिक वर्गणी २,२०० आणि मालमत्ता कराचे महिन्याला येणारे ८०० रुपये मिळवले की घर एक महिना बंद ठेवण्याचा खर्च ५२ हजार झाला. व्याजावर कर लागतो आणि पैशाचा काही भाग नाशिकच्या घरात जाणार होता, त्यामुळे हा आकडा थोडा फुगवलेला आहे असे कोणी म्हणेल.  सहा महिने थांबायचे तर पाडव्याला ८७ लाख १२ हजार मिळाले तरच आजच्या ८४ ची बरोबरी होणार होती, आणि त्यापुढे जे मिळेल तोच थांबण्याचा मोबदला. बंद घराच्या भिंतीला पावसाळ्यात आलेली ओल यात धरलेली नाही.

तिसरा पर्याय भाड्याने देण्याचा. महिना २४ हजार भाडे म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार. ८४ लाखांवर सुमारे ३.४ टक्के, तेही देखभाल आणि रिकामे जाणारे महिने वजा करण्यापूर्वी. त्यातून नाशिकचे घर होत नव्हते. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

पुनर्विकासाची आशा हा चौथा, आणि तो सहजी बाजूला पडणारा नव्हता, कारण कोथरूडमध्ये जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताना रोज दिसतात. मुलाचे म्हणणे असे की पुनर्विकास झाला की हजार चौरस फुटांचे नवे घर मिळेल, मग ८४ लाखांना का फुंकायचे? सोसायटीची स्थिती पाहिल्यावर चित्र वेगळे निघाले. जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणे, झालेले नव्हते आणि मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्जही केलेला नव्हता. तो मिळवायचा, मग शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या आदेशातील पद्धतीप्रमाणे विशेष सभा, ५१ टक्के सभासदांची संमती, विकासकाची निवड, महापालिकेची मंजुरी, आणि त्यानंतर बांधकामाची दोन-तीन वर्षे. सोसायटीत या कामाला पहिले पाऊलही पडले नव्हते. पुनर्विकासाचा लाभ खरा होता, परंतु तो पन्नाशीतल्या मालकाचा लाभ होता. ७६ वर्षांच्या बाईने त्यासाठी आपले घर लांबणीवर टाकावे, हे मला पटले नाही आणि मी तसे स्पष्ट सांगितले.

पाचवा पर्याय तीन दिवसांनी अचानक आला. एका दलालाने ९२ लाखांचे गिऱ्हाईक आणले: ७० लाख धनादेशाने, २२ लाख रोख. नुसता आकडा पाहिला तर हा सर्वांत मोठा देकार होता आणि मुलाचा आवाज फोनवर बदलला. सदनिकेचे रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेल्या दराने, मूल्य ७८ लाख होते. दस्तात ७० लाख लिहिले तर फरक तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यातील १० टक्क्यांच्या सवलतीबाहेर जात होता, कारण ७० लाखांवर १० टक्के धरून ७७ लाखच होतात. मग कलम ५०सी नुसार काकूंची विक्रीकिंमत ७८ लाखच धरली गेली असती, आणि ८ लाखांचा फरक खरेदीदाराच्या उत्पन्नात धरून त्याच्यावर वेगळा कर लागला असता. मुद्रांक शुल्कही रेडीरेकनरवरच. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेणे कलम २६९एसएस खाली निषिद्ध होते आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. हे २२ लाख नाशिकच्या दस्तात घालता आले नसते, बँकेत भरता आले नसते आणि काकूंच्या कपाटात ठेवणे धोक्याचे होते. काकूंनी पाच मिनिटांत नकार दिला. कायद्याची कलमे ऐकण्याआधीच दिला, हेही नोंदवतो.

मुलापुढे ठेवलेला प्रस्ताव

या सगळ्यानंतरही मुलाची खात्री होती की घर एक कोटीचे आहे. तेव्हा मी एक सुचवले: आईला ९० लाख देऊन ते घर त्यानेच घ्यावे. दलाली नाही, घर कुटुंबातच राहील, पुनर्विकासाचा सगळा लाभ त्याचा, आणि किंमत त्याच्याच हिशेबाने दहा लाखांनी कमी. त्याला कर्ज मिळण्यासारखा पगार होता. हे मी टोमणा म्हणून सुचवले नव्हते. तो हो म्हणाला असता तर काकूंच्या दृष्टीने हाच सर्वोत्तम मार्ग होता.

त्याने विचाराला वेळ मागितला. दसरा मधे येत होता. ८४ लाख देऊ केलेल्या खरेदीदारांना दलालामार्फत नव्हे, तर काकूंच्या मुलीने स्वतः फोन करून सांगितले की घरात चर्चा चालू आहे, नकार नाही, कोजागिरीपर्यंत थांबता येईल का. १६ ऑक्टोबरपर्यंत ते थांबले. जुलैमधले मौन आणि ऑक्टोबरमधला हा फोन यांच्यात मला फार मोठा फरक दिसतो. मुदत मागितल्याने आपली गरज उघडी पडेल अशी मुलाला भीती होती, पण समोरच्यालाही घर हवेच होते.

सहाव्या दिवशी मुलाने कळवले की बंगळूरच्या घराचा हप्ता चालू असताना त्याला हे जमणार नाही. पुढे तो म्हणाला, “आणि खरं सांगू का काका, नव्वदला मीसुद्धा घेतलं नसतं.” इथून पुढे ८४ लाख घ्यायचे की नाही हा वाद संपला आणि ८४ चे किती होतील एवढाच प्रश्न उरला.

केलेली कृती

प्रतिप्रस्ताव ८८ लाखांचा दिला आणि त्यासोबत मागच्या गल्लीतल्या ८७ लाखांच्या दस्ताची प्रत दाखवली. मात्र आम्ही केवळ आकड्यावर घासाघीस केली नाही. आपल्याला स्वस्त पडतील आणि त्यांना मोलाच्या वाटतील अशा गोष्टी शोधल्या. महाराष्ट्रात निवासी घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. या दांपत्याने दोघांच्या नावाने घ्यायचे ठरवले होते. पत्नीच्या एकटीच्या नावाने दस्त केला तर त्यांचे ८६ हजारांच्या आसपास वाचत होते, आणि पती कर्जात सहअर्जदार राहील का हे त्यांनी आपल्या बँकेत विचारून घेतले. बँकेने मान्य केले. काकूंच्या घरातले सागवानी कपाट, पंखे आणि पाणी तापवण्याचा सौर संच नाशिकला नेण्यात अर्थ नव्हता. ते त्यांना देऊ केले. त्यांच्या भाड्याच्या घराचा करार डिसेंबरअखेर संपत होता, म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ताबा देण्याचे नक्की केले. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य, जे महापालिका क्षेत्रात २५ हजारांहून अधिक घेता येत नाही, ते त्यांनी भरायचे ठरले.

कोजागिरीच्या संध्याकाळी ८६ लाख ५० हजारांवर बोलणी मिटली. मुलाने आणखी ५० हजार मागून पाहावेत असे सुचवले आणि काकूंनी नको म्हटले. हा निर्णय बरोबर होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित मिळाले असते.

भाऊबीज झाल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, साठेखताची, म्हणजे विक्रीच्या प्राथमिक कराराची, नोंदणी झाली. दहा टक्के रक्कम त्याच दिवशी बँकेतून जमा झाली. साठेखतात दोन अटी मुद्दाम घातल्या: बँकेने कर्ज नाकारले तर पंधरा दिवसांत इसार परत, आणि खरेदीदार स्वतःहून मागे हटले तर दोन लाख कापून उरलेला परत. दुसऱ्या अटीवर त्यांनी थोडी कुरकुर केली. बँकेच्या मूल्यांककाने घराला ८६ लाख दिले, त्यांना हवे होते ६५ लाखांचे कर्ज, त्यामुळे अडचण आली नाही. इसारातले पैसे लगेच नाशिकच्या मालकाला देऊन त्याच्याशीही साठेखत केले. त्याच्या नोव्हेंबरअखेरच्या मुदतीला दहा-बारा दिवस उरले होते.

निष्पत्ती

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात खरेदीखत झाले. ५० लाखांवरील व्यवहार असल्यामुळे खरेदीदाराने १ टक्का टीडीएस, म्हणजे ८६,५०० रुपये कापून काकूंच्या पॅनवर भरले. विवरणपत्रात ते वळते करून घेता येतात.

कराचा हिशेब सनदी लेखापालांनी मांडला तो असा. घर २००१ पूर्वीचे असल्यामुळे १ एप्रिल २००१ चे मूल्य धरता येते, ते ७.५० लाख निघाले. २०२४-२५ चा निर्देशांक ३६३, म्हणजे निर्देशांकित खर्च २७.२२ लाख. एक टक्का दलाली वजा करून नफा जुन्या पद्धतीने ५८.४१ लाख आणि नव्या पद्धतीने ७८.१३ लाख. पुनर्गुंतवणूक केली नाही तर जुन्या पद्धतीने २० टक्के म्हणजे ११.६८ लाख कर आणि नव्या पद्धतीने १२.५ टक्के म्हणजे ९.७७ लाख, येथे नवी पद्धत स्वस्त. पण नाशिकचे घर मुद्रांकासह ४९ लाखांना पडले आणि कलम ५४ खाली ते नफ्यातून वजा झाल्यावर पारडे फिरले: जुन्या पद्धतीने ९.४१ लाखांवर १.८८ लाख, नव्या पद्धतीने २९.१३ लाखांवर ३.६४ लाख. (अधिभार आणि उपकर येथे धरलेले नाहीत.) शेवटी काकूंनी विक्रीनंतर सहा महिन्यांच्या आत साडेनऊ लाखांचे कलम ५४ईसी खालील रोखे घेतले, त्यामुळे जुन्या पद्धतीने करपात्र नफाच उरला नाही. ते पैसे पाच वर्षे अडकले. वय पाहता हे करावे का, यावर मुलीने बराच विचार केला. १ लाख ८८ हजार कर भरून उरलेले सुमारे साडेसात लाख मोकळे ठेवण्याचा मार्गही मी तिच्यापुढे ठेवला होता. काकूंनी रोखे निवडले. त्यानंतर हाती सुमारे २७ लाख राहिले.

काकू फेब्रुवारीत नाशिकच्या घरात राहायला गेल्या.

एप्रिल २०२५ मध्ये रेडीरेकनरचे दर वाढले. मे महिन्यात कोथरूडच्या त्याच इमारतीतली तळमजल्यावरची एक सदनिका ९१ लाखांना नोंदली गेली आणि मुलाने ती सूची मला पाठवली, सोबत एक शब्दही नव्हता. तळमजला, जिना नाही, पुढे छोटे अंगण. आणि ऑक्टोबर ते मे हे सात महिने दरमहा ५२ हजारांनी ३ लाख ६४ हजारांचे होतात. हे मी त्याला लिहून कळवले. ९१ मधून ते वजा केले तर ८७.३६ लाख उरतात, म्हणजे तळमजल्याचा फायदा मोजला नाही तर थांबून ८६ हजार अधिक मिळाले असते, हेही त्याच पत्रात लिहिले.

वेगळे काय करता आले असते

दस्तांचा शोध ऑक्टोबरात घेतला तो मे महिन्यात, किंमत सांगण्यापूर्वी घ्यायला हवा होता. एका संध्याकाळचे काम होते. किंमत ९२ लाख सांगितली असती तर जे १९ जण आले त्यांतले निदान काही बोलणीला बसले असते, असे मला वाटते; एक कोटीच्या पुढची किंमत ऐकून किती लोक घर पाहायलाच आले नाहीत, त्याची तर मोजदादच नाही. दलाल एकच नेमायला हवा होता, किंवा तिघे असतील तर तिघांनाही एकच आकडा लेखी द्यायला हवा होता.

माझ्याही हातून एक गोष्ट राहिली. मुलाने घर घ्यावे हा प्रस्ताव मी सर्वांसमोर, आईच्या देखत मांडला. तो आधी त्याच्याशी एकट्याशी बोलायला हवा होता. सहा दिवस त्याच्यावर जे दडपण आले ते पैशांपेक्षा नात्याचे होते, आणि त्या काळात त्याचे बहिणीशी दोनदा कडाक्याचे बोलणे झाले, हे मला नंतर कळले.

अभिहस्तांतरणाचा अर्ज सोसायटीने आता केला आहे. तो पाच वर्षांपूर्वी झाला असता तर पुनर्विकासाचा पर्याय निव्वळ आशेवर तोलावा लागला नसता, आणि कदाचित खरेदीदारांनीही त्यासाठी दोन पैसे अधिक मोजले असते. एकट्या काकूंना ते करून घेणे शक्य नव्हते.

जुलैच्या ८८ लाखांबद्दल घरात अजून एकमत नाही. मुलीचे म्हणणे, दुसऱ्याच दिवशी ९० लाखांचे उत्तर गेले असते तर ते दांपत्य ८९ ला आले असते आणि आई गणपतीपूर्वी नाशिकच्या घरात असती. मुलाचे म्हणणे, त्या वेळी ८९ ला देखील कोणी हो म्हटले नसते, आईनेसुद्धा नाही, कारण तेव्हा सगळ्यांच्याच डोक्यात एक कोटी पाच लाख होते. काकूंना मी विचारले तेव्हा त्यांनी मुलाच्या बाजूने मान हलवली.